कोऱ्या पानावरचं मत

पेन्सिलीला टोक केलं की त्या लाकडाच्या वासासरशी मला चोपड्याचं वाचनालय आठवतं. तिथे पुस्तक परत करताना शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने मत लिहायची पद्धत होती. कॉमिक्सवर मी भरभरून लिहायचो. गावातल्याच एका निवृत्त गुरुजींच्या कथासंग्रहावर मात्र ‘शेवट तर अगदीच रडका’ एवढंच खरडलं. दुसऱ्या दिवशी मी कपाटाआड उभा असताना गुरुजी आले आणि त्यांनी आपल्या पुस्तकाचं तेच पान उघडलं. वाटलं, आता संतापणार. पण ते ग्रंथपालांना पान दाखवत हरखून म्हणाले, “भाऊ, देखा, कोनीतरी बठ्ठं पुस्तक वाचेल शे, पार शेवटपर्यंत!” अजूनही मोबाईलवर एखाद्या पुस्तकाविषयी मत लिहायला घेतलं की बोट अडखळतं. गुरुजींच्या पुस्तकाची मी पहिली चारच पानं वाचली होती.