पिवळं फूल, तांबूस फूल

एरंडोलजवळच्या आमच्या गावात फड्या निवडुंग माजलं होतं. चैत्रात ते फुललं की मधमाश्यांच्या गुणगुणीनं शिवार पेंगुळल्यासारखं वाटे. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. मी अमळनेरच्या कॉलेजात दोन वर्षं काढून परतलो होतो आणि निवडुंगाच्या जाती ओळखता येतात, असं सांगत हिंडत होतो.

आमचं निम्मं वावर निवडुंगाखाली गेलं होतं. त्यावर उपाय एकच होता. पांढऱ्या, कापसासारख्या पुंजक्यात राहणारे किडे लागलेली फडी आणून झाडांवर टाकायची. किडे रस शोषत आणि झाड कुजून बसे. पण शेजारच्या अक्काच्या वावराला निवडुंगाचंच कुंपण होतं. ती विधवा, एकटी. शेळ्यांपासून तिचा कापूस त्या काट्यांनीच राखलेला. मी किडे आणतोय हे कळल्यावर ती बांधावर आली.

"भाऊ, त्या किडा मन्हा वावरमा येतीन का?"

"नही अक्का. तुन्हं निवडुंग न्यारं शे."

माझा हिशेब साधा होता. आमची फुलं पिवळीधमक, तिची तांबूस. म्हणजे जाती दोन, आणि किडा एकाच जातीवर जगतो. आमच्या वावरात मी सकाळी जाई आणि तिच्या बांधावरून दिवस कलल्यावर परते, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

किडे टाकल्यावर एकदा मी दिवसभर वावरात बसून राहिलो. ऊन पांढरं होत गेलं, डोळे मिटत होते, उघडत होते. दर वेळी समोरचं फूल थोडं वेगळं दिसे. आधी पिवळं, मग केशरी, उन्हं उतरली तेव्हा तांबूस. झोपेतच पाहतोय असं वाटलं. मग उठून दोन्हीकडचे काटे पाहिले. लांब, काळपट, सारखेच. धुळ्याला देवपुरात नदीकाठी पिवळ्या काट्यांचं निवडुंग मी पाहिलं होतं. ती जात खरी वेगळी. काटे बघायला हवे होते.

तोवर तिच्या फड्यांवर पांढरे ठिपके आले होते. मी कुणाला काही बोललो नाही.

पावसाळ्यात कुंपण बसलं आणि शेळ्यांनी कोवळा कापूस खाऊन टाकला. अक्का बाभळीच्या फांद्या ओढून बांध भरत होती, हात रक्ताळलेले. तेव्हा मी गेलो आणि सगळं सांगितलं. माझंच चुकलं, जात एकच होती, आणि मला ते आधीच कळलं होतं.

ती फांदी न सोडता म्हणाली, "फुलं सांजले लाल व्हतस, हाई माले म्हाईत व्हतं. पन तू शिकेल शेस. मी म्हटलं, तुले जास्त म्हाईत आशी."

आज पन्नाशीतही मला ते ऐकू येतं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी फांदीचं दुसरं टोक धरलं. तिनं धरू दिलं.