नवसाच्या पायऱ्या आणि मुलीचं स्टॉपवॉच

मुलगी कॉलेजात जाते तेव्हा नाव तिचं एकटीचं लागतं, पण शिकायला सगळं घर बसतं. आमच्याकडचे किस्से तर इतके साठलेत, की भजन आटोपून निघालेल्या बायका चपला घालता घालता विचारतात, "इशाचं नवीन काय?" आणि चपला काढून पुन्हा बसतात!

आधी मूळ गोष्ट सांगते. बारावीनंतर इशाला व्यायामशास्त्राच्या डिग्रीला जायचं होतं. मी डोंगरावरच्या जीवदानी देवीला नवस बोलले: हिला प्रवेश मिळू दे, मी अनवाणी, मौन धरून, पायऱ्या चढून येईन आणि तुझी ओटी भरीन. प्रवेश मिळाला. त्याच आठवड्यात मी निर्जळी उपास करून निघाले. अर्ध्या डोंगरावर डोळ्यांपुढे अंधारी आली. अनोळखी बायकांनी धरून खाली आणलं.

"रोपवेनं जा की," सगळे म्हणाले. पण बोललेला शब्द पायऱ्यांचा होता ना! इशानं फर्मान काढलं, "आई, आधी तुझा दम वाढवायचा. मी हो म्हणेपर्यंत डोंगर नाही." नवस तसाच राहिला. रोज दिवा लावताना देवीच्या तसबिरीकडे बघायलाही मला संकोच वाटायचा.

* * *

ह्यांचं वालीवला छोटं वर्कशॉप आहे. ह्यांना ही डिग्री सुरुवातीला पटतच नव्हती.

"व्यायामाची डिग्री? उद्या झोपेची काढतील!"

इशा शांतपणे म्हणाली, "बाबा, झोपेचा धडा आहे आम्हाला. पाचव्या सेमला."

त्या रविवारी दुपारी हे आडवे झाले आणि मला म्हणाले, "उठवू नकोस. अभ्यास चाललाय!"

* * *

व्हायवाच्या आधी इशानं प्लॅस्टिकचा सांगाडा घरी आणला. नेमका मार्गशीर्षातला गुरुवार! संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या, म्हणून मी त्याला गॅलरीत उभा करून पडदा ओढला. वारा आला, पडदा उडाला आणि शेजारच्या वहिनी अशा किंचाळल्या, की वॉचमन वर आला.

मग इशानं सगळ्यांना सांगाडा दाखवला. एका पावलात सव्वीस हाडं! प्रत्येक बाई आपापल्या पावलाकडे बघायला लागली. एवढीशी हाडं, त्यांवर आपण जन्मभर उभ्या! माझ्या तर अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून इशाचा फोन. "आई, सरांना काय सांगू? ह्याच्या दोन्ही पावलांवर हळदकुंकू आहे!"

* * *

मग माझी स्टेप टेस्ट. ठरावीक ठेक्यात बाकावर चढायचं, उतरायचं आणि मग नाडी मोजायची. इशाची वर्गमैत्रीण ग्रेटा आली होती. ती वसईची, सायकलिंग करणारी, घोड्यासारखा दम! "काकू, आधी मी करून दाखवते," म्हणाली. तेवढ्यात ठेका देणारा मोबाईल बंद पडला.

"आई, आरती म्हण. टाळ्यांवर चालेल!" इशा म्हणाली.

मी सुरू केली. आता आरती काही एका लयीत राहत नाही, शेवटाकडे तिला आपोआप वेग येतो. माझ्या टाळ्या वाढल्या, ग्रेटाचे पाय वाढले. ती ओरडतेय, "काकू, थांबा!" पण आरती अर्धी कशी सोडायची? संपली तेव्हा ग्रेटा बाकावर आडवी.

"काकू," ती धापा टाकत म्हणाली, "आमच्या चर्चमधली गाणी शेवटपर्यंत एकाच लयीत असतात हो!"

* * *

गास गावातल्या आमच्या वाडीत आयुष्य गेलेल्या सासूबाई पंचाहत्तरीच्या. एकदा त्या जमिनीवर मांडी घालून वाल सोलत होत्या. शेजारी ह्या दोघींची परीक्षा चाललेली. हात न टेकता खाली बसायचं आणि उठायचं, दहा मार्क. टेकलं की मार्क कापायचा. इशाला नऊ, ग्रेटाला आठ.

वाल संपले. सासूबाईंनी दोन्ही हातांत सूप धरलं आणि सरळ उभ्या राहिल्या. एक दाणा सांडला नाही. दोघी बघतच राहिल्या.

"आजी, दहापैकी दहा!" इशा ओरडली.

"नुसतं उठले म्हणून मार्क?" सासूबाई म्हणाल्या. "मग दिवसभराचे मोज की गं!"

* * *

अडीच वर्षं मी सोसायटीचे जिने चढत राहिले. मग एक दिवस इशानं स्टॉपवॉच बंद केलं आणि म्हणाली, "चल. पण उपास फळांचा, पाणी प्यायचं आणि चढताना पूर्ण वाक्यं बोलत राहायचं. वाक्य तुटलं की थांबायचं. हीच परीक्षा."

"अगं, नवस मौनाचा आहे!"

"मग नाही."

मी रडकुंडीला आले. सासूबाई देवघरातूनच म्हणाल्या, "मौन माणसांशी गं. देवीशी बोलायला कोणी अडवलंय?"

मी त्यांच्या पाया पडले.

पहाटे निघालो. माझ्या आणि इशाच्या छातीला नाडी मोजायचे पट्टे, आकडे पुढे चालणाऱ्या ग्रेटाच्या मोबाईलवर. इशा माझ्या एक पायरी मागे. मी देवीशी बोलत निघाले. आधी घरातलं सांगितलं. ते संपलं, पायऱ्या संपेनात. मग जे कधी कोणाला सांगितलं नव्हतं ते आलं.

"देवीआई, दहावीत मी धावण्यात तालुक्यात पहिली आले होते. अनवाणीच धावले. सर म्हणाले होते, पुढच्या वेळी बूट घालून ये. ते बूट राहूनच गेले बघ. मग लग्न झालं. मी तक्रार करत नाही हं. हिचे पाय पळताना बघते, तेव्हा माझेच पळतात असं वाटतं."

मागच्या वेळी कोसळले होते तो टप्पा आला आणि मागेही गेला. वाक्य तुटलं नाही!

वरून ग्रेटा म्हणाली, "काकू एकदम ओके! इशा, तुझीच नाडी का एवढी वाढलीय?"

मी ओटी भरली. देवीकडे डोळे भरून पाहिलं, ह्या वेळी न लाजता. खाली उतरलो. पायथ्याशी मी चपलेत पाय घालणार, तोच इशानं तो धरला. पिशवीतून मोजमापाची टेप काढली, डावं पाऊल मोजलं, मग उजवं, आणि वहीत लिहून ठेवलं.

"हे कसलं गं प्रॅक्टिकल?" मी विचारलं.

"राहून गेलेलं," ती मान खाली घालूनच म्हणाली.