भरीत पार्टीतला पेशंट

माझ्या हातून आजवर एकच जीव वाचला आहे, आणि तोही मी चुकून वाचवला.

ऐंशीच्या दशकात मी वरणगावकडच्या एका कारखान्यात फिटर होतो. आमच्या खात्यातून एका माणसाला प्रथमोपचार शिकायला पाठवायचं होतं. साहेबांनी मला निवडलं. (मी नसल्यानं कुणाचं काम अडणार नव्हतं, हे कारण मला बऱ्याच उशिरा कळलं.) आठ दिवसांनी खिशावर बिल्ला लावून आणि हातात सर्टिफिकेट घेऊन मी घरी परतलो, आणि त्या दिवसापासून घरात कुणाला साधी शिंक द्यायची सोय उरली नाही. बायकोला उचकी लागली तरी मी तिची नाडी धरून घड्याळाकडे बघत बसायचो. एकदा सासऱ्यांना फिट आली असं समजून मी त्यांना जमिनीवर आडवं केलं. ते प्राणायाम करत होते.

वर्गात हार्ट अटॅकचा एक तक्ता होता. त्यावर सदरा घातलेला जाडजूड पुरुष, हात छातीवर, कपाळावर घाम. तो तक्ता मला तोंडपाठ झाला. शिकवणारे पुढं सांगत होते की बायकांचं पुष्कळदा निराळं असतं, छाती न दुखता पाठ दुखते, जबडा दुखतो, मळमळतं. त्या वेळी मी मागच्या बाकावर शेजाऱ्याच्या दंडाला बँडेज बांधून बघत होतो. बँडेज सुरेख जमलं होतं. ते अजून आठवतं, आणि आठवलं की लाज वाटते.

त्याच हिवाळ्यात पहूरला अक्काच्या मळ्यात भरीत पार्टी ठरली. अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा मला न्हाऊमाखू घालून तिनंच वाढवलं. आमच्याकडं पार्टी म्हणजे मळ्यातच, आणि वांगी भाजायची ती कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवरच. त्या धगीपाशी सकाळपासून अक्का एकटी बसली होती. तीस माणसांची वांगी भाजायची, सोलायची, ठेचायची. आम्ही पुरुषमंडळी केळीच्या सावलीत बसून भरीत कसं व्हायला पाहिजे यावर चर्चा करत होतो.

मी पाणी प्यायला गेलो तेव्हा अक्कानं मला थांबवलं.

"भाऊ, सकायपासून पाठीत भरून आलंय. आन् हा जबडा कायले दुखत असंल रे?"

मी तिच्याकडं नीट पाहिलं. चेहरा घामानं डबडबलेला. धगीपाशी बसल्यावर घाम येणारच! पाठ ठेचून ठेचून भरली असणार, जबड्यात वारं गेलं असणार. मळमळतंय म्हणाली, तर ते धुरामुळं. एका मिनिटात मी तिच्या चारही तक्रारींचा निकाल लावला, चिमूटभर ओवा तिच्या हातावर ठेवला आणि चर्चेला परत गेलो. ती पुन्हा वांगी सोलायला लागली.

जेवणं उरकली आणि दाजींनी छातीवर हात ठेवला.

दाजी म्हणजे अक्काचे यजमान. जाडजूड अंग, अंगात सदरा, कपाळावर घाम. माझा तक्ताच माझ्यासमोर जिवंत उभा राहिला! त्यांनी भरताबरोबर अकरा हिरव्या मिरच्या खाल्ल्या होत्या, हे सगळ्या पंगतीनं पाहिलं होतं. पण मी शिकलेला माणूस, मिरच्या कशाला मोजू? मी सगळ्यांना बाजूला सारलं, दाजींच्या सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या आणि मोठ्यानं जाहीर केलं की हा अटॅक आहे, कुणी घाबरू नये. त्याबरोबर सगळे घाबरले. सगळ्यात जास्त दाजी. तोवर ते नुसते ढेकर देत होते, आता कण्हायला लागले.

केळी वाहणारा मेटॅडोर बांधावर उभाच होता. आत वाळक्या पानांचा थर होता, त्यावर दाजींना झोपवलं. त्यांचे पाय उंच ठेवायचे असं मी फर्मावलं. (पाय उंच ठेवणं चक्कर आलेल्या माणसासाठी असतं. माझी दोन पानं एकदम उलटली होती.) पाय धरायला कुणीतरी हवं होतं. मी दाजींच्या पुतण्याला हाक मारणार, तोच अक्का पदर खोचून पुढं आली. मी तिला म्हटलं, तू राहा, इथं भांडी पडलीत, तुझं काय काम? पण तिनं ऐकलं नाही.

"यांचे पाय मीच धरीन. दुसऱ्याच्या हाती मी देत नही."

जळगावपर्यंत तासभर तिनं ते दोन ओंडके मांडीवर पेलले. रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला दाजी ओरडायचे आणि अक्का डोळे मिटायची. ती नवऱ्याच्या काळजीनं मिटते आहे असं मला वाटलं. तिला धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, पाय जरा आणखी वर घे. तिनं घेतले.

दवाखान्यात शिरताच मी डॉक्टरांना माझं नाव, माझं शिक्षण आणि माझं निदान एका दमात सांगितलं. डॉक्टरांनी दाजींच्या पोटावर हात ठेवला, काय खाल्लं ते विचारलं, आणि माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत म्हणाले, "त्या बाई कोण?"

अक्का भिंतीला टेकून उभी होती. चेहरा राखेसारखा.

"त्या? त्या पेशंटचे पाय धरायला आल्यात," मी म्हणालो.

डॉक्टरांनी दाजींना खाटेवरून उठवलं आणि तिथं अक्काला झोपवलं. दाजी आपल्या पायांनी चालत बाहेर बाकावर येऊन बसले, त्यांना एक मोठा ढेकर आला आणि त्यांचा अटॅक संपला. अक्काचा सकाळपासून चालू होता.

ती वाचली. पण डॉक्टर म्हणाले, सकाळीच आणलं असतं तर हृदय इतकं निकामी झालं नसतं. सकाळी तर मी तिला ओवा दिला होता. पुढची नऊ वर्षं ती मळ्यात जाऊ शकली नाही, भरली कळशी उचलू शकली नाही. ओसरीवर बसून राहायची आणि येईल त्याला सांगायची, माझ्या भावानं ओळखलं, घटकाभर उशीर झाला असता तर मी गेले असते. पहूरची माणसं छातीत कळ आली की माझ्याकडं यायला लागली. मी एकेकाला हात जोडून डॉक्टरांकडं पाठवायचो, तर त्यांना वाटायचं, मी डॉक्टरांच्याही वरचा आहे!

एकदा न राहवून मी तिला सगळं कबूल केलं, ओव्यासकट. रडलोही. ती हसली.

"मले काय म्हाईत नही? पण सासरी सांगायले बाईजवळ माहेरचं काईतरी लागतं ना रे भाऊ."

ती गेली तेव्हा तेराव्याला सगळं गाव जमलं होतं. दाजी (अजून ठणठणीत, मिरच्या चालूच) उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, आमच्या या मेव्हण्यानं तिचं दुखणं वेळेवर ओळखलं, म्हणून मला तिची नऊ वर्षं जास्त मिळाली.

मी मान खाली घातली. लोकांना तो माझा विनय वाटला.