कालव्यापलीकडचं घर

डाकारमधल्या कोलोबानच्या बाजारामागे यांदे सार ही बायकांच्या वेण्या घालायची. तिच्या गुडघ्यांमध्ये डोकं दिलं की बायकांच्या जिभा सैल सुटत, आणि निम्म्या गोष्टी सवतीच्या असत. कुणाचा नवरा नमाजाला म्हणून गेला नि निकाह लावून आला, कुणाला सवतीची बातमी कोपऱ्यावरच्या दुकानदाराने दिली. ऐकून ऐकून यांदेला अशी खोड जडली होती की नवरा उगाच हसला तरी त्याचं कारण शोधत बसायची.

या खोडीखाली एक जुनं दुखणं होतं. तिला दोन मुलं झाली आणि दोन्ही दुधाचे दात पडायच्या आत गेली. अशा बाईच्या नवऱ्याने दुसरी केली तर डाकारात कुणाची भुवईसुद्धा वर जात नाही. तिच्या नवऱ्याने, लातीर सुताराने, केली नव्हती. निदान तिच्या माहितीप्रमाणे तरी नाही.

आणि त्या रविवारी भात-मासळीचं ताट उचललं जायच्या आत लातीरने तिच्यापुढे नवीकोरी चप्पल ठेवली.

"घाल. जरा पायी फिरून येऊ."

यांदेच्या मनात पाल चुकचुकली. ना सण, ना बारसं, आणि चप्पल? नवरा दुसरी आणतो तेव्हा आधी पहिलीच्या हातावर काहीतरी नवं ठेवतो, ही तर इथली रीतच. तिच्या एका गिऱ्हाइकाला फ्रीज मिळाला होता. आपली बोळवण चपलेवर झाली, या विचाराने ती जास्तच पेटली.

"कुठे फिरायचं?"

"असंच. फासच्या वस्तीतून, मग कालव्यापलीकडे ग्योल तापेला. हवा छान आहे."

"इतकी वर्षं रविवारी घोरत पडता, नाहीतर एकटेच लाकडं बघायला जाता. हवा आजच छान झाली का?"

"चल गं बाई!"

ती निघाली. घरी बसून कुढण्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

एरवी लातीर दहा पावलं पुढे चालायचा. आज शेजारून चालत होता. फासच्या गल्ल्यांत भिंतींना बांधलेले मेंढे रवंथ करत होते, दारोदारी चहाच्या किटल्या कोळशावर चढल्या होत्या. त्याने भाजलेल्या शेंगांची पुडी घेतली आणि दाणे सोलून तिच्या हातावर ठेवले. नवरा दाणे सोलून देतोय! यांदेने ते खाल्ले, पण प्रत्येक दाण्याबरोबर तिचा संशय वाढत गेला. त्यात चप्पल चावत होती.

कोपऱ्यावरचा दुकानदार थिएर्नो तुकुलेर जमातीचा, हे दोघं सेरेर. म्हणजे जन्मजात थट्टेचं नातं, एकमेकांना गुलाम नि भातखाऊ म्हणायचं. त्याने लांबूनच हाळी दिली, "ए माझ्या गुलामा! आज बायकोलाही आणलंस? गेल्या रविवारी तर एकटाच बिस्किटांचा पुडा घेऊन पळालास!"

"तू भात खा नि गप्प बस," लातीर म्हणाला खरा, पण त्याचे कान लाल व्हायचे तेवढे झाले. घरी 'लाकडं बघून येतो' म्हणून सांगून गेलेला माणूस बिस्किटं घेत हिंडत होता तर!

कालव्यावरच्या पुलावर यांदे थांबली. "नाव काय तिचं?"

"कुणाचं?"

"जिच्याकडे नेताय तिचं."

लातीरने घाम पुसला. "पोहोचल्यावर ऐकशील."

तिला मागे फिरावं असं फार वाटलं. पण परतून तरी कुठल्या घरी जायचं, ते उद्या आपलं राहील का, हेच कळेना. ती त्याच्या मागोमाग गेली.

ग्योल तापेच्या बोळात एका निळ्या दारातून तरुण बाईचा आवाज आला, "यांदे! ए यांदे, शेंबडे, आत ये आधी!"

आणि वाळूतून उठून एक चिमुरडी धावली ती थेट लातीरच्या पायांना बिलगली. "बिस्किट!"

यांदेने दाराची चौकट धरली. हेही तिने वेण्या घालताना ऐकलं होतं: हुशार सवत आपल्या मुलीला थोरलीचं नाव देते, म्हणजे थोरलीचं तोंड बंद होतं. "एवढी मोठी झाली," ती कशीबशी म्हणाली, "आणि मला आज चप्पल?"

तरुण बाई लगबगीने पुढे आली. "मावशी, मी म्बेन. बिरानची बायको. तुमच्या घरी राहून सुतारकाम शिकला तो बिरान. मुलगी झाली तेव्हा उस्तादांनी तिच्यासाठी तुमचं नाव मागून घेतलं."

"मग मला का नाही सांगितलं? जिचं नाव देतात तिला बारशाला बोलावतात!"

म्बेनने लातीरकडे पाहिलं. तो टोपी हातात घेऊन जमिनीकडे बघत होता.

"नावासकट पोर गेली असती तर?" तो म्हणाला. "तू म्हणाली असतीस, माझ्या नावाने गेली. तिसऱ्यांदा नव्हतं बघवणार मला. म्हटलं, दुधाचा पहिला दात पडू दे. परवा पडला."

पोरीने तोंड उघडून खिंडार दाखवलं.

यांदे उंबऱ्यावर बसली, पोरीला गुडघ्यांमध्ये ओढलं आणि तिच्या विस्कटलेल्या केसांत बोटं घातली. लातीरच्या कुळात बापापासून भाच्यांपर्यंत सगळ्यांच्या कानापुढे, गालाला लागून, जन्मतःच सुईने टोचल्यासारखं बारीक भोक असतं. यांदेने केस सारून पोरीचा एक कान निरखून पाहिला. मग दुसरा. काही नव्हतं. तरी तिने पहिला पुन्हा पाहिला. आणि मग तिला रडू कोसळलं, कशासाठी ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

पोर मान वळवून तिच्याकडे टक लावून बघत होती.

"तुझं नाव काय?" पोरीने विचारलं.

"यांदे."

"खोटं!" पोरीचे डोळे बारीक झाले. "ते माझं आहे. तू कुठून घेतलंस?"

यांदेने नाक पुसलं, पोरीचं डोकं सरळ केलं आणि पहिला भांग पाडला.

"आधी माझंच होतं गं. पण माझ्याकडे कुणी टिकलं नाही," ती म्हणाली. "आता तू सांभाळ."