दाराखालून सरकणारा कागद

पत्र्याच्या दाराखालून कागद आत सरकतो तेव्हा एक बारीकसा आवाज होतो. सर्र... आणि मग पुन्हा शांतता. भर दुपारी महामार्गावर कंटेनरांची घरघर चालू असताना एवढासा आवाज ऐकू कसा येतो, असं तुम्ही विचाराल. येतो हो! ज्याला पत्राची वाट असते, त्याचं सगळं अस्तित्व त्या दाराच्या फटीपाशी गोळा झालेलं असतं.

कुरुळीच्या पलीकडे, चाकणच्या कारखान्यांच्या कडेला आमचं गाव आहे. जिथे एके काळी आमचा कांदा पिकायचा तिथे आता बावीस खोल्या उभ्या आहेत, आणि त्यांत लातूर-परभणीपासून कोकणापर्यंतची माणसं पोटापाण्यासाठी येऊन राहिली आहेत. रात्रपाळी उरकून आलेला माणूस दुपारी गाढ झोपलेला असतो, म्हणून आमची टपालवाली शोभा कधी कुणाची कडी वाजवत नाही. कुणाची पाळी बदलली, आज कोण जागं, कोण झोपलेलं, हे तिला तोंडपाठ. जाग्या माणसाला हाक मारायची, झोपलेल्याचं पत्र अलगद दाराखालून सरकवायचं, ही तिची रीत. पाकिटावर खोलीचा आकडा कुणी लिहीत नाही. 'बाईंच्या खोल्या' एवढाच सगळ्यांचा पत्ता. बाई म्हणजे मी. तीस वर्षं गावच्या शाळेत शिकवलं, शोभासुद्धा माझ्याच हाताखालून गेलेली.

ही शोभा गेल्या महिन्यात संपावर गेली. निम्मं आयुष्य पत्रं वाटण्यात गेलं तरी कागदोपत्री ती अजून अर्ध्या वेळेचीच. आम्हाला कायम करा, एवढंच तिचं आणि तिच्यासारख्या डाकसेवकांचं मागणं. टपाल कार्यालयासमोर निळ्या ताडपत्रीचा मांडव पडला आणि गावात बोलणी सुरू झाली. कुणाचं आधार अडकलं, कुणाचं बँकेचं कार्ड. 'यांना काय जातंय बसायला!' असं पारावर जो तो म्हणू लागला. खोटं कशाला बोलू? त्यात माझाही आवाज होता, आणि तो काही बारीक नव्हता.

कारण आमची पिंकी. सहाव्या खोलीतली ही परभणीकडची पोर तीन वर्षं एका कंपनीत कंत्राटावर वायरी जोडत होती. आता कुठे तिची कायम होण्याची वेळ आली होती. शाळा सोडल्याचा मूळ दाखला शनिवारच्या आत हजर करायचा, नाहीतर नाव यादीतून बाद. तिच्या वडिलांनी बापड्यांनी तो दाखला साध्या पाकिटात घालून, वर तिकीट चिकटवून पेटीत टाकला होता. त्याला पंधरवडा उलटला. पोर रोज पाळीवरून यायची आणि दार उघडण्याआधी वाकून फटीतून फरशी बघायची. मुलखावेगळ्या कष्टांनी उभं केलेलं आयुष्य एका कागदासाठी अडून राहावं, हा कुठला न्याय?

गुरुवारी मात्र माझं डोकं फिरलं. पदर खोचला आणि तडक मांडवात गेले. पौषातलं कोवळं ऊन ताडपत्रीतून निळसर होऊन त्या बायामाणसांच्या चेहऱ्यांवर उतरलं होतं. एरवी मी ते बघत राहिले असते, पण त्या दिवशी सौंदर्य बघायला डोळे कुणाला होते? सगळ्यांदेखत शोभाला म्हणाले, तुमचा हट्ट होतो आणि लेकराचं वाटोळं होतं, लाज कशी वाटत नाही! बाकीचे उठून उभे राहिले. शोभा उठली नाही. शांतपणे म्हणाली, "बाई, माझ्या जागी येकदाच आलेल्या बदलीवाल्यानं मागल्या आठवड्यात तुमच्या ओट्यावर टपाल ठिवलं व्हतं ना? ते कुणी वाटलं?"

मीच वाटलं होतं की! मोठ्या दिमाखात, चष्मा लावून.

"मग त्यात सविता जाधवचं पाकीट व्हतं का?"

होतं. एकोणिसाव्या खोलीतली सविता, साताऱ्याकडची, बहिणीच्या डोहाळजेवणाला गावी गेली होती. तिच्या बंद दाराखालून मी ते नीट सरकवलं होतं. शोभाने विचारलं, "बाई, पिंकीचं खरं नाव काय हाय?"

काय सांगू तुम्हाला! त्या क्षणी धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तीन वर्षं माझ्या छपराखाली राहणाऱ्या, संक्रांतीला माझ्या हातून तिळगूळ घेणाऱ्या पोरीचं नाव मला ठाऊक नव्हतं. भाड्याचे कागद मुलगा बघतो, ही सबब मी स्वतःलाच देऊन पाहिली. ती पटली नाही. तीस वर्षं सकाळ-संध्याकाळ हजेरी घेतलेली मी! आणि जिला गाव 'नुसती बसलीय' म्हणत होतं, तिच्या डोक्यात मात्र बावीस खोल्यांतलं एकेक नाव, गाव, पाळी जपून ठेवलेली होती.

मी म्हटलं, शोभा, ऊठ, चल माझ्याबरोबर. ती म्हणाली, "म्या आज टपालाला हात लावायची न्हाई. पर एकोणीसची चावी सातव्या खोलीतल्या मावशींकडं असती. फोनवर सविताला इचारा, मंग दार उघडा." किती ठाम होती ती, आणि तरी किती आपली! साताऱ्याच्या सविताला फोन लावला, तिने हो म्हटलं, मावशींनी कुलूप काढलं. फरशीवर, धुळीच्या पातळ थरावर, पाकीट पडलेलं होतं. पाठवणाऱ्याच्या जागी वळणदार, थरथरत्या अक्षरात परभणीकडच्या गावाचं नाव.

शुक्रवारी दाखला कंपनीत पोचला. पिंकी कंपनीचा गणवेश न बदलता तशीच मांडवात गेली आणि शोभाच्या शेजारी मांडी घालून बसली. दोघींनाही एकच शब्द हवा होता, कायम. एकीच्या हातात तो आला होता, दुसरीच्या नाही.

शनिवारी मी बावीस दारं हिंडले. या वेळी कडी वाजवली, झोपलेल्यांना उठवलं, प्रत्येकाला संपूर्ण नाव विचारलं आणि शाळेतल्या अक्षरात कागदावर उतरवून घेतलं. वर लिहिलं : आमची पत्रं आम्हाला शोभाच्याच हातून हवीत, ती परत येईपर्यंत आम्ही थांबायला तयार आहोत, पण तिला कायम करा. खाली सगळ्यांच्या सह्या. सहाव्या खोलीपुढे सविता जाधव, एकोणिसाव्यापुढेही सविता जाधव. ती गावाहून सकाळीच परतली होती.

पत्र तर झालं, पण टाकायचं कुठे? टपालच बंद! मग मांडवासमोरून गेले, कार्यालयाचं शटर खाली होतं तिथे वाकले आणि फटीतून ते आत ढकललं. सर्र... मागून शोभा खळखळून हसली, "बाई, तिकीट लावलं न्हाई!"

आत ते उचलायला कोणी नव्हतं. म्हणून सोमवारी दुसरं लिहिलं.