एका नावामागचे हात

१२ डिसेंबर १९६७. दोन रुपये बावन्न पैसे. मोताळ्याकडच्या कापूस वेचणाऱ्या बाईची एका दिवसाची मजुरी म्हणून माझा शाळासोबती सहदेव इंगळे याने त्या दिवशी हा आकडा आपल्या प्रबंधात लिहिला. शेतमजुरांची कमाई हा त्याचा विषय. प्रबंध महिनाअखेर नागपूरला पोचला, तरच कॉलेजातली नोकरी मिळणार होती.

आकडा शेतमालक पंजाबरावांच्या मजुरीच्या वहीतून घेतलेला. ती वही मीच लिहीत असे. किलोला सहा पैसे दर, बाईमागे सरासरी बेचाळीस किलो. गुणाकार बरोबर होता.

सहदेवने सहज म्हणून तो तिथे वेचणाऱ्या चांगुणाबाईला शेतात वाचून दाखवला. ती हसतच सुटली.

"बेचाळीस किलो? म्या एकटीनं? मी काय राक्षसीण हाव का, भाऊ?"

"वहीत तुमचंच नाव आहे."

"नाव माहं. हात माहे, सासूचे अन् अन्नपूर्णाचे."

"मग आधी काऊन नाही सांगितलं?"

"मले कोन इचारलं? तुम्ही तं वहीले इचारलं!"

घरातल्या एकाच बाईचे नाव लिहायचे आणि बाजाराच्या आदल्या दिवशी सगळे पैसे तिच्या हाती द्यायचे, ही आमच्याकडची रीत. सहदेवही लहानपणी आई मनकर्णाबाईच्या ओटीतच वेचत असे. वही उतरवताना त्याला ते आठवले नाही. मलाही नाही.

मी म्हणालो, "प्रबंध देऊन टाक, पुढे दुरुस्त कर."

"चुकीचा आकडा दिला तर मजुरी वाढवा म्हणायले तोंड राहील का बे?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने प्रत्येकीचा कापूस वेगळा तोलला. त्याला तीन आठवडे लागले. सरासरी सतरा किलो, म्हणजे एक रुपया दोन पैसे. ती नोकरी दुसऱ्याला मिळाली. सहदेवला वर्षभराने मलकापुरात मिळाली. पुढे सरकी काढणाऱ्या जिनातल्या बाया, विडी वळणाऱ्या बाया, सगळीकडे त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे: या नावामागे हात किती?

पुढच्या हंगामात मी पंजाबरावांना विचारून वहीत प्रत्येकीची ओळ वेगळी केली. अन्नपूर्णाने आपले पैसे स्वतः मोजून घेतले, दोनदा.

तोलण्यात चांगुणाबाईचा अर्धा दिवस मोडला होता. सहदेव भरपाई देऊ लागला, तेव्हा ती म्हणाली, "पुस्तक छापून आलं का घेईन."

सहदेवचे ते पुस्तक यंदा छापायला गेले आहे. चांगुणाबाईचे एक्कावन्न पैसे देणे बाकी आहे.