एका जुडीत बांधलेल्या तारा

सगळे त्याला लिफ्टवाला म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. सव्वीस वर्षं त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या. इमारतींच्या माथ्यावरच्या कोंदट खोल्यांत उकिडवं बसून उजवा गुडघा कामातून गेला, तेव्हा कंपनीने त्याला तक्रारींच्या चिठ्ठ्या वाटायला खुर्चीत बसवलं. आठ महिन्यांत त्याने ती खुर्ची सोडली. "दिवसभर लोकांचे बिघाड ऐकायचे आणि स्वतःचे हात मांडीवर ठेवायचे, हे आपल्याला जमणारं नाही," असं त्याने बायकोला सांगितलं. बायकोने एवढंच विचारलं, "मग काय जमणार आहे?"

उत्तर द्यायला त्याला दोन वर्षं लागली. वडिलांच्या सुतारखान्याच्या मागच्या खोलीत त्याने सीएनसी राउटर बांधायला घेतला. संगणकात काढलेली नक्षी लाकडात कोरून देणारं यंत्र. दाराएवढं टेबल, त्यावरून मागेपुढे सरकणारी लोखंडी कमान, आणि कमानीवर स्पिंडल, म्हणजे मिनिटाला अठरा हजार फेरे घेणारी मोटर. तिच्या तोंडात पेन्सिलीएवढं पातं. दोन रुळांत कागदाच्या जाडीएवढा फरक निघाला म्हणून त्याने अख्खी चौकट तीन वेळा उघडली आणि तीन वेळा बसवली. कोणी "कुठवर आलं?" असं विचारलं की तो पाठ न वळवता म्हणायचा, "तुमचं झालं का सगळं?"

सुतारखान्याचा पुढचा भाग त्याच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या नवऱ्याकडे होता. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. तो वडिलांच्या हाताखाली कोरीवकाम शिकला. म्हाताऱ्याची पटाशीही त्यालाच मिळाली आणि मुलगीही, असं शेजारचा रंगारी म्हणायचा. मिस्त्रीला ही गंमत आवडत नसे. लिफ्टवाल्याला तर मुळीच नाही, कारण पटाशी त्याच्याही हातात दिली गेली होती आणि पंधराव्या वर्षी वडिलांनी ती काढून घेतली होती. "तुझ्या हाताला घाई आहे," म्हणाले होते. ते वाक्य मिस्त्रीने ऐकलं होतं आणि जपून ठेवलं होतं. दर दोन-चार महिन्यांनी तो ते बाहेर काढायचा.

खरं भांडण खोलीचं. मागची खोली लिफ्टवाल्याची, असं वडील तोंडी सांगून गेले होते. कागदावर मात्र सगळी जागा भाऊबहीण दोघांच्या नावावर होती आणि मिस्त्रीचं प्लायवूड बोळात उघड्यावर पडलं होतं.

"मेव्हणे, माझा माल भिजतोय आणि तुमचं खेळणं सुक्यात बसलंय," मिस्त्री म्हणाला.

"भाऊजी, तुम्हाला ज्या दाराला दोन दिवस लागतात, ते हे खेळणं दोन तासांत कोरेल."

"कोरेल की. लिफ्ट पण वर जाईल म्हणून सांगता तुम्ही. मग मधेच अडकते आणि लोक आत घाम पुसत बसतात."

"तुमच्या हातचं काम बघायला आता म्हातारेच येतात. तेही चष्मा विसरून."

ताई दारात उभी राहून हे ऐकत होती. तिने दोघांनाही बोलू दिलं आणि मग निकाल देऊन टाकला. "रविवारी सकाळी लाव तुझं मशीन. यांच्याच वेलपत्तीचं कपाटाचं एक दार. सुरू केलंस की संपेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. झालं, तर खोली तुझी. न थांबता झालं नाही, तर महिनाअखेर खोली रिकामी. रंगारी साक्षीला."

"मला कशाला मधे घेता?" रंगारी म्हणाला. पण रविवारी तो सगळ्यांच्या आधी येऊन स्टूल पकडून बसला.

लिफ्टवाल्याला लाकडाची धास्ती होती, वायरिंगची नव्हती. वायरिंग म्हणजे त्याचं घराणं. लिफ्टमध्ये प्रत्येक मजल्याच्या दारावर एक स्विच असतो. सगळे स्विच एका साखळीत जोडलेले असतात, आणि एक जरी सुटला तरी लिफ्ट जागच्या जागी थांबते. त्याने राउटरलाही तसंच केलं. कमान टेबलाबाहेर जाऊ नये म्हणून टोकांना सहा स्विच, सहाही एका साखळीत. मग त्या बारीक तारा, मोटरांच्या तारा आणि स्पिंडलची जाड केबल असं सगळं एकत्र घेऊन, मेणाच्या दोऱ्याने दर दोन बोटांवर गाठ मारत, एकच जाडजूड जुडी केली. जुन्या उस्तादाने त्याला हेच शिकवलं होतं. कंपनीत त्याची जुडी नव्या पोरांना दाखवायला नेत असत. कंट्रोलचा डबा उघडला की ती वेणीसारखी सरळ खाली उतरलेली दिसे.

त्या रविवारी पातं लाकडात उतरलं आणि पहिलं पान उमटायला लागलं. बारीक भुसा उडाला. मिस्त्री हाताची घडी घालून उभा होता, पण वेलीचा दुसरा वळसा पूर्ण झाला तेव्हा त्याची मान नकळत पुढे आली. लिफ्टवाल्याने ते पाहिलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

अकराव्या मिनिटाला मशीन थांबलं.

पडद्यावर आलं की टोकाचा स्विच सुटला आहे. कमान टेबलाच्या बरोबर मधोमध होती. सगळ्यात जवळचा स्विच हातभर लांब.

"मजला आला का?" मिस्त्रीने विचारलं.

रंगारी हसला. लिफ्टवाल्याने पुन्हा सुरू केलं. चार मिनिटांत पुन्हा तेच. त्याने वळून पाहिलं तर ताई कंट्रोलच्या डब्याला टेकून उभी होती आणि तिचा हात डब्याच्या कडेवर होता.

"ताई, तू काय केलंस?"

"मी? उभी आहे."

"डब्यावर हात कशाला? माझं वायरिंग सव्वीस वर्षांत एकदा थांबलेलं नाही. तू आत काहीतरी हलवलंस. खोली पाहिजे तर सरळ माग ना, असले चोरटे धंदे कशाला?"

रंगाऱ्याने स्टूल जरा मागे सरकवलं. ताईने डब्यावरचा हात काढला आणि तो पदराला पुसला, जणू तिथे ग्रीस लागलं होतं.

"तुझ्या डब्याला मी चिमट्याने सुद्धा हात लावणार नाही," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी परत लाव. मी बाहेर उभी राहते, वीस हात लांब. मग बघू कुणाचा हात लागतो ते."

"शर्त तर तो आजच हरला की," मिस्त्री म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. मला चोर म्हटलंय, तुम्हाला नाही."

त्याच दिवशी लिफ्टवाल्याने मागच्या खोलीला कुलूप लावलं. बोळातून जाताना ताईने ते पाहिलं.

सोमवारी स्पिंडल बंद ठेवून त्याने कमान नुसती हवेत फिरवली. दोन तास फिरली, एकदाही थांबली नाही. मंगळवारी स्पिंडल चालू करून तेच केलं, तर सहाव्या मिनिटाला थांबली. कुलपाची किल्ली त्याच्या खिशात होती. त्याने सहाही स्विच बदलले. फरक पडला नाही. आतून येणारे थांबण्याचे आवाज पुढे मिस्त्रीला ऐकू जात, आणि प्रत्येक वेळी मिस्त्री हातोडी बाजूला ठेवून मोठ्याने मजल्याचा आकडा सांगे. "तिसरा मजला." थोड्या वेळाने, "चौथा."

गुरुवारी स्पिंडलच्या केबलचं टोक सैल वाटलं म्हणून त्याने जुडीच्या वरच्या गाठी सोडल्या, केबल बाहेर काढली, टोक नवं बसवलं. परत बांधायचा कंटाळा केला. केबल तशीच छताच्या खिळ्यावरून लटकवली आणि मशीन लावलं. चाळीस मिनिटं चाललं. त्याला वाटलं, सैल टोकाचाच दोष होता. समाधानाने त्याने केबल पुन्हा जुडीत घेतली, नीट गाठी मारल्या. मशीन सहा मिनिटांत थांबलं.

तो बराच वेळ त्या वेणीकडे बघत बसला. मग एकेक करून सगळं त्याच्या ध्यानात आलं. स्पिंडलच्या केबलमधून जो खरखरीत विजेचा गोंधळ धावतो, तो शेजारी घट्ट बांधलेल्या स्विचच्या बारीक तारांत शिरत होता. जुन्या लिफ्टचे रिले, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे खटके, जाड कानाचे, असल्या कुजबुजीकडे ढुंकून बघत नसत. राउटरच्या डब्यातल्या या नव्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचे कान तिखट. कुजबुज आली की बोर्डाला वाटायचं स्विच सुटला. तारा जितक्या नेटक्या बांधाव्यात, तितकं मशीन जास्त थांबणार होतं. डब्याला कोणी टेकलं होतं की नाही, याचा याच्याशी काही संबंध नव्हता.

गाठी कापायला त्याला शुक्रवार उजाडावा लागला. स्पिंडलची केबल त्याने छतावरून एकटी नेली, तिच्यावर तारेची जाळी चढवून जाळीचं एक टोक अर्थिंगला दिलं. स्विचच्या तारा जमिनीलगत दुसऱ्या बाजूने. मोटरांच्या तिसरीकडून. काम संपलं तेव्हा खोली कोळ्याने घर केल्यासारखी दिसत होती.

रविवारी ताई खरोखरच बाहेर उभी राहिली. खिडकीतून तिचा खांदा आणि घट्ट बांधलेला अंबाडा दिसत होता. रंगाऱ्याने लटकणाऱ्या तारांकडे पाहून विचारलं, "ही वरात कसली?" लिफ्टवाल्याने बटण दाबलं आणि दोन्ही हात पाठीमागे धरले.

एक तास पन्नास मिनिटं. मिस्त्रीने मजला मोजायला तोंड उघडलं नाही. शेवटचं पान झालं, स्पिंडल वर उचललं गेलं आणि आपोआप मंदावत गप्प झालं. मिस्त्रीने वाकून अंगठ्याचं नख वेलीच्या खोबणीतून फिरवलं.

"पानांची टोकं बोथट आलीत."

"पातं गोल आहे. पटाशीने पाच मिनिटांत निघतील."

"कुणाच्या पटाशीने?"

"न थांबता झालं पाहिजे एवढंच ठरलं होतं, भाऊजी."

"झालं," रंगारी म्हणाला. "साक्षीला मला बसवलंय म्हणून सांगतो. झालं." मग सहज विचारलं, "मागच्या खेपेला काय अडलं होतं हो?"

लिफ्टवाला ब्रशने भुसा झाडत होता. "किरकोळ होतं," तो म्हणाला.

खिडकीतला खांदा हलला. ताई आत आली, कोरलेल्या दाराकडे तिने पाहिलं नाही. भिंतीवरच्या मीटरच्या फळीपाशी जाऊन तिने मागच्या खोलीच्या लाइनचा फ्यूज उपसला आणि मूठ मिटली.

"खोली तुझी," ती म्हणाली. "खोलीचं बोललो होतो. विजेचं कोण बोललं? मीटर माझ्या नावावर आहे."

बोळातल्या दिव्यावरून चोरून लाइन घ्यायला त्याला दहा मिनिटंही लागली नसती. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा तर मिनिटाचं काम. तो ते करणार नाही, हे ताईला माहीत होतं. आयुष्यभर त्याने असं करणाऱ्या लोकांना शिव्या घातल्या होत्या. सोमवारी तो वीज कार्यालयात गेला. खिडकीमागच्या बाईंनी अर्ज उलटून पाहिला आणि एका रिकाम्या चौकोनावर पेन टेकवलं. जागा दोघांच्या नावावर आहे, सहमालकाची सही लागेल.

त्याने अर्ज ताईच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला. नऊ दिवस तो तिथेच पिठाच्या डब्याखाली दाबलेला होता. मशीनवर चादर पडली. पुढून मिस्त्रीच्या हातोडीचा आवाज येत राहिला, रोजच्यापेक्षा जरा जास्तच. दहाव्या दिवशी लिफ्टवाला स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"सही करणार आहेस की नाही?"

"करीन. रंगाऱ्याला बोलाव."

"त्याचं काय काम?"

"त्याच्यासमोर बोललास ना? त्याच्यासमोरच परत बोल."

रंगारी हाताला पॉलिश लागलेल्या अवस्थेत आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला. मिस्त्रीही मागे येऊन उभा राहिला. लिफ्टवाल्याने गुडघ्यावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला.

"त्या दिवशी ताईने काही केलं नव्हतं," तो रंगाऱ्याला म्हणाला. "बिघाड वायरिंगमध्ये होता."

"कुणाच्या?" ताईने विचारलं.

"माझ्या. मी सगळ्या तारा एकत्र बांधल्या होत्या. त्या तशा बांधायच्या नसतात."

"कधी कळलं?"

"दुसऱ्या रविवारच्या आधी. गुरुवारी."

"म्हणजे हा विचारत होता तेव्हा माहीत होतं."

"होतं."

मिस्त्री काहीतरी बोलणार होता. ताईने त्याच्याकडे पाहिलं तसा तो अंगणात निघून गेला. तिने हात धुतले, कोरडे केले, अर्ज उभ्यानेच ओट्यावर सपाट करून सही केली आणि कागद त्याच्या हातात न देता ओट्याच्या कडेला सरकवला.

"मीटर बसला की तुझ्या खोलीचं दार लावून काम कर," ती म्हणाली. "भुसा इकडे येतो."